जेन, फिनले की गुरुवारची मंडळी: सबर्बमधल्या हौशी गुप्तहेरांपैकी आधी कोणाला घरी आणायचं

परवा ठाण्याहून मामेबहिणीचा मेसेज आला. ताई, दिवाळी झाली की तुझ्याकडे येतेय, तीन आठवडे, वाचायला काहीतरी काढून ठेव, खून पाहिजे पण रक्त नको आणि हसायला आलं पाहिजे. ऑर्डर विचित्र आहे पण इकडच्या, म्हणजे अमेरिकेतल्या, लायब्ररीत या मालाचं अख्खं कपाट असतं. कोझी मिस्टरी म्हणतात त्याला. म्हणजे प्रेत पडतं पण पडद्याआड पडतं, शोध लावणारा पोलीस नसतो, कोणीतरी घरातली बाई नाहीतर रिटायर्ड आजीआजोबा असतात, आणि खुनी कोण हा विचार चालू असताना मुलांना पोहायच्या क्लासवरून आणायचं राहून गेलं तर तो खरा गुन्हा असतो. त्यातली माझी लाडकी पोटजात म्हणजे सबर्बमधली, शहराबाहेरच्या घरांच्या वस्तीतली. हिरवं लॉन, दोन गाड्यांचं गॅरेज आणि शेजारी काय चाललंय यावर प्रत्येकाचा बारीक डोळा.

हे सबर्ब प्रकरण मुळात दुसऱ्या महायुद्धानंतर फोफावलं. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर १९४७ ला लेव्हिटटाऊन नावाची वसाहत सुरू झाली आणि पुढच्या चारपाच वर्षांत एकाच बिल्डरने १७ हजारांवर घरं साच्यातून काढल्यासारखी उभी केली. अशा वस्त्यांमधून सकाळी नवरे शहराकडे जायचे आणि मागे उरायच्या बायका, मुलं आणि भरपूर वेळ. कोणाच्या ड्राइव्हवेत कोणाची गाडी किती वाजता होती हे सगळ्यांना पाठ. रहस्यकथा लिहिणाऱ्याला अजून काय पाहिजे?

आणि हे नुसतं पुस्तकातलं नाही हो. मी न्यू जर्सीत राहते. सासरे पहिल्यांदा आले तो नोव्हेंबर होता, पहाटे माकडटोपी, मफलर, ह्यांचं जुनं जॅकेट आणि हातात काठी अशा थाटात फेरीला निघाले आणि एका घरापुढे थांबून पोर्चमधल्या कुंड्या वाकून बघायला लागले. तुळस आहे का बघत होतो म्हणे. अर्ध्या तासात कॉलनीच्या ग्रुपवर फोटो. तोंड झाकलेला इसम, टेहळणी करताना दिसला, कोणी ओळखतं का? खाली धडाधड कमेंट, आणि एका बाईंनी तर वेळापत्रकच टाकलेलं, ६:४२ ला अमुक घरासमोर, ६:५१ ला तमुक वळणावर, काठी उजव्या हातात. मी मान खाली घालून लिहिलं की तो इसम माझे सासरे आहेत. वेळापत्रकवाल्या बाई दुसऱ्या दिवशी बनाना ब्रेड घेऊन माफी मागायला आल्या, आणि माफी मागता मागता त्यांची नजर आमच्या किचनच्या प्रत्येक शेल्फवरून फिरून आली. तर ही बाई म्हणजेच या पुस्तकांची हिरॉईन, एवढं डोक्यात ठेवा.

आता मुद्द्यावर. एकच सिरीज उचलायची तर कुठली? माझी फुटपट्टी साधी आहे, शोध लावताना घरकाम किती आडवं येतं आणि ते आडवं येण्यातून हसू येतं की नुसतीच धावपळ होते.

पहिली जेन जेफ्री. लेखिका जिल चर्चिल, पहिलं पुस्तक ‘ग्राइम अँड पनिशमेंट’, १९८९. जेन शिकागोच्या सबर्बमध्ये राहते, तीन मुलं, नवरा काही महिन्यांपूर्वी गाडीच्या अपघातात गेलेला, आणि तोसुद्धा तिला सोडून दुसरीकडे निघालेला असताना, म्हणजे रडायचं की चिडायचं हेही बाईला धड ठरवता येत नाही. शेजारी शेली, जेनच्या उलट, सगळं जागच्या जागी ठेवणारी, समोरच्याला एका नजरेत गार करणारी. तर या शेलीच्या घरी साफसफाईला आलेल्या बाईचा व्हॅक्यूम क्लीनरच्या वायरने गळा आवळून खून होतो. बस, एवढंच. ना इस्टेट, ना सरदार घराणं, ना हिरे. कामाला आलेली बाई आणि व्हॅक्यूमची वायर. मला हे अजून भारी वाटतं, कारण लेखिकेने पहिल्याच फटक्यात सांगून टाकलं की या जगात हत्यार कपाटातलंच असणार.

नावांची गंमत वेगळी सांगायला हवी. ग्राइम म्हणजे मळ, डोस्टोव्हस्कीच्या ‘क्राइम अँड पनिशमेंट’ या कादंबरीच्या नावाची फिरकी. आपल्याकडे कामवालीच्या खुनाच्या कादंबरीला कोणी ‘श्यामची बाई’ नाव दिलं तर जसं होईल तसं. पुढची नावं ‘अ फेअरवेल टू यार्न्स’, ‘अ किश बिफोर डाइंग’, ‘सायलेन्स ऑफ द हॅम्स’, ‘वॉर अँड पीज’, सगळी याच वळणाची. एकूण १६ पुस्तकं, शेवटचं २००७ चं. पहिल्या पुस्तकाला पदार्पणाचं अगाथा अवॉर्ड मिळालं, हे या सभ्य रहस्यकथांचं मानाचं बक्षीस.

जेनचा विनोद चिमणरावाच्या जातीचा, म्हणजे सांगणारं माणूस स्वतःवरच हसतंय आणि आजूबाजूचं जग अगदी नॉर्मल चेहऱ्याने वेड्यासारखं वागतंय. कारपूल कोणाचं, कुत्रा कोणी फिरवायचा, पोराच्या शाळेत काय पोचवायचंय, या गर्दीत तिला एकदम काहीतरी सुचतं. आणि जे सुचतं तेही घरकामातूनच सुचतं, पोलिसांच्या नजरेला न दिसलेली गोष्ट बाईला दिसते कारण ते काम तिने हजार वेळा केलेलं असतं. मेल व्हॅनडाईन नावाचा डिटेक्टिव्ह आहे, दिसायला बरा, पण गुन्ह्याच्या जागी ओव्हन, पडदे, पाहुण्यांची ताटं याकडे बघायची अक्कल जेन आणि शेलीकडेच. मोबाईल नाही, इंटरनेट नाही, किचनमध्ये वायरचा फोन आहे आणि मुलगी त्याला चिकटलेली. माझ्या वयाच्या लोकांना तर त्या फोनसाठीच वाचावंसं वाटेल.

दोष सांगते. खुनी कोण हा भाग काही पुस्तकांत अगदी शेवटच्या वीस पानांत घाईघाईत उरकलाय, पाहुणे दारात आले म्हणून खोलीतला पसारा पलंगाखाली ढकलावा तसा. आणि मधल्या काही पुस्तकांत जेन घराबाहेर कुठेतरी जाते, स्कीइंगला वगैरे, तिथे मजा पातळ होते. तिचं घर हाच तिचा रंगमंच आहे, तिथून हलवली की ती कोणीही वाटते.

दुसरी फिनले डोनोव्हन. एल कोसिमानोची, पहिलं पुस्तक ‘फिनले डोनोव्हन इज किलिंग इट’, २०२१. हीपण आई, हीपण सबर्बमध्ये, व्हर्जिनियात, वॉशिंग्टनच्या बाजूला. घटस्फोटित, दोन लहान मुलं, बिलं थकलेली, धंदा रहस्यकादंबऱ्या लिहायचा आणि पुस्तकाची डेडलाइन उलटून गेलेली. सकाळी लेकीने स्वतःचे केस कापून ठेवलेत म्हणून हिने ते टेपने परत डोक्याला चिकटवलेत, आता यावर मी काय बोलू, ज्यांच्या घरात चार वर्षांचं पोर आहे त्यांना कळेल. अशा अवतारात ती एका कॅफेत एजंटशी कादंबरीतल्या खुनाबद्दल बोलत बसते, शेजारच्या टेबलावरच्या बाईला वाटतं ही सुपारी घेणारी आहे, आणि ती चिठ्ठी सरकवते की माझ्या नवऱ्याला उडव, ५० हजार डॉलर देते. डायपरच्या पिशवीत विग आणि टेप असल्यावर बिचारीला दुसरं काय वाटणार!

इथे दोघींचा खरा फरक आहे आणि निवड त्यावरच ठरवावी. जेन खुनी शोधते, फिनले पुरावे लपवते. जेन वाचताना तुम्ही सोफ्यावर मागे टेकून बसता, फिनले वाचताना पुढे सरकून. फिनलेची बेबीसिटर व्हेरो अकाउंटिंग शिकतेय, ती गोंधळ कळल्यावर पोलिसांना फोन करत नाही, आधी स्वतःचा टक्का ठरवते, आणि या दोघींची जोडी म्हणजे जेन-शेलीचीच नात म्हणा, फक्त तोंड जास्त फटकळ. फिनलेची बहीण पोलिसात आहे, म्हणजे जेवायच्या टेबलावर प्रत्येक घास घशात अडकणार. आणि समोरच्या घरात मिसेस हॅगर्टी, गल्लीचा चालताबोलता कॅमेरा. ही बाई वाचताना मला बनाना ब्रेडचा वास येतो.

फिनलेचा विनोद मोठ्या आवाजाचा आहे, सिनेमासारखा, एकातून दुसरं लफडं. पहिलं पुस्तक मी दोन दिवसांत संपवलं, त्यातलं शेवटचं प्रकरण लेकीच्या क्लासबाहेर गाडीत, आणि ती येऊन काच वाजवतेय तरी मी हाताने थांब थांब करतेय. पण योगायोग इतके आहेत की डोकं जरा बाजूला काढून ठेवावं लागतं, शिवाय एक पोलीस आणि एक तरुण वकील होऊ घातलेला मुलगा यांच्यामधे तिची जी ओढाताण चालते ती मला लांबलेली वाटली. मुख्य म्हणजे पुस्तक संपताना पुढच्याचं शेपूट सोडून देते, त्यामुळे एक घेतलं तर दुसरं घ्यावंच लागतं. तीन आठवड्यांच्या पाहुणीसाठी हा धोका आहे. ऑडिओ ऐकणार असाल तर अँजेला डॉचं वाचन अगदी बेस्ट, पण मुलं गाडीत असताना लावू नका.

तिसरं नाव, थोडक्यात, पण ते चुकवू नका. सुझन आयझॅक्सची पहिली कादंबरी ‘कॉम्प्रमायझिंग पोझिशन्स’, १९७८. लाँग आयलंडवरची गृहिणी ज्युडिथ सिंगर, आणि मेलाय कोण तर गावातला हिरड्यांचा डॉक्टर, जो निम्म्या पेशंट बायकांशी भलतेच संबंध ठेवून होता. ज्युडिथला शोध लावायचाय कारण तिला कंटाळा आलाय, नवऱ्याचा, घराचा, स्वतःचा. वर सांगितलेल्या दोघींच्या कितीतरी आधी हे आलंय. १९८५ ला सिनेमाही निघाला, सुझन सॅरन्डनचा. पण रक्त नको म्हणणाऱ्यांनी हेही बघावं की इथे रक्त कमी असलं तरी बाकी बरंच काही आहे, लग्नातली चीड आहे, बेडरूम आहे, कोझीच्या मऊ गोधडीत हे बसत नाही. विनोद सगळ्यात धारदार इथलाच. सासूबाईंच्या हातात मात्र देऊ नका, किंवा द्या, तुमचं तुम्ही बघा.

मग गुरुवारवाले. रिचर्ड ऑस्मानचं ‘द थर्सडे मर्डर क्लब’, २०२०. खरं म्हणजे हे सबर्ब नाही, इंग्लंडच्या केंट परगण्यातलं म्हाताऱ्यांसाठीचं आलिशान वसाहतगाव आहे, कूपर्स चेस. पण एकमेकांच्या डोळ्यासमोर राहणारी घरं, रिकामा वेळ, कमिट्या, पार्किंगवरून भांडणं, सगळं तेच, म्हणून मी बिनदिक्कत घेतलंय. चौघं आहेत, एलिझाबेथ हेरखात्यातून निवृत्त, जॉयस नर्स होती, इब्राहिम मानसोपचारतज्ज्ञ, रॉन कामगार पुढारी. दर गुरुवारी जिगसॉच्या खोलीत जमून जुने न सुटलेले खून चघळतात, मग एक ताजा खून हाताशी येतो. जॉयसची डायरी हा या पुस्तकाचा जीव. खून, केक, मुलीचा न आलेला फोन आणि परत खून, हे ती एकाच सुरात लिहिते आणि तुम्ही हसता हसता एकदम थांबता. कारण एलिझाबेथच्या नवऱ्याची स्मृती हळूहळू जातेय आणि त्या घरातली प्रकरणं हलकीफुलकी नाहीत. जेन आणि फिनलेमध्ये माणसं मरतात पण मरण जाणवत नाही, इथे जाणवतं.

ज्यांना एकाच वेळी पंधरावीस पात्रं डोक्यात ठेवायचा कंटाळा आहे त्यांना सुरुवातीची शंभर पानं जड जातील, इतके धागे आहेत. नेटफ्लिक्सवर २०२५ ला सिनेमा आलाय, हेलन मिरन, पियर्स ब्रॉस्नन, बेन किंग्जली, सिलिया इम्री, नट सगळे जबरदस्त, पण जॉयसची डायरी त्यात जवळपास गेलीच, म्हणजे पुरणपोळीतलं पुरण काढून पोळी वाढल्यासारखं. पुस्तक आधी वाचा.

इंग्लिश शेजारणींचीच जोडी हवी असेल तर सायमन ब्रेटची फेदरिंग मालिकाही आहे, ताठ कॅरोल आणि मोकळीढाकळी ज्यूड, समुद्रकाठचं गाव, पहिलं पुस्तक २००० चं. छान आहे, संथ आहे, विमानात झोप लागायला उत्तम, टोमणा म्हणून नाही सांगत.

आपल्याकडचं काय, हे लोक विचारतातच. धनंजय आणि झुंजार ही अर्नाळकरांची माणसं थराराची, त्यांना मधेच दूध उतू जातंय म्हणून उठावं लागत नाही. हौशी आणि हसवणारा म्हणाल तर भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे, त्यालाच हा मान, पण तो पोरगा आहे, त्याच्यावर घर चालवायची जबाबदारी नाही. सोसायटीच्या सेक्रेटरी काकू खुनाचा तपास करतायत आणि खाली टँकर आलाय अशी कादंबरी मराठीत मला वाचायचीय, कोणीतरी लिहा.

तर बहिणीसाठी काय काढलं. ती झोपायच्या आधी वीस पानं वाचणारी आहे, इंग्लिश वाचते पण डिक्शनरी लागली की पुस्तक ठेवून देते, आणि शेपूट सोडलेलं तिला चालत नाही. तिच्यासाठी जेनच, पहिल्यापासून, ओळीने, आणि तिसऱ्यानंतर कंटाळली तर सरळ थांबली तरी काही बिघडत नाही. तुम्ही ट्रेनमध्ये वाचत असाल, घरात लहान पोरं असतील, हसताना लोकांनी वळून बघितलेलं चालत असेल तर फिनले. आईवडील सत्तरीच्या पुढे असतील तर ऑस्मान, पण एकट्याने वाचा, एकदोन प्रकरणांनंतर उठून त्यांना फोन करावासा वाटतो. माझ्या सासऱ्यांनी तो आयपॅडवर अक्षर मोठं करून वाचला आणि म्हणाले, आपल्या सोसायटीत असा क्लब काढायला काय हरकत आहे. सासूबाई म्हणाल्या, आहेच की, कट्ट्यावर.

ज्युडिथचं पुस्तक सध्या माझ्याकडे नाहीये. बनाना ब्रेडवाल्या बाई घेऊन गेल्यात, दोन महिने होऊन गेले. वरच्या मजल्यावर डाव्या खिडकीत वाचतात, काल दिवा ११:२० पर्यंत चालू होता, परवा ११:०५.