मिनी डीव्ही कॅसेट संगणकावर घेताना: फायरवायर कार्डाचा आठ महिन्यांचा अनुभव

जोडणी अशी आहे: टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असलेलं पीसीआय एक्सप्रेस फायरवायर कार्ड (फायरवायर म्हणजे कॅमेऱ्यातला डिजिटल डेटा थेट संगणकात आणणारी जोडणी), सहा पिनी ते चार पिनी केबल, सोनीचा मिनी डीव्ही हँडीकॅम, विंडोज १० आणि विनडीव्ही हे छोटं मोफत सॉफ्टवेअर. आठ महिन्यांत लग्नं, मुंजी, बारशी, विसर्जनाच्या मिरवणुका असा सगळा ऐवज यातून उतरला. निकाल आधीच सांगतो. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या मिनी डीव्ही कॅसेटवर चित्र ७२०×५७६ एवढंच असतं. तेवढंच, जसंच्या तसं घ्यायचं असेल तर फायरवायरला पर्याय नाही.

आपण याला कॅप्चर म्हणतो, पण प्रत्यक्षात ही टेपवरच्या डेटाची नक्कल आहे. पाल डीव्हीची एक फ्रेम नेमकी १,४४,००० बाइटची. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे ३.६ मेगाबाइट, आणि तासाला साधारण १३ जीबी. हा आकडा लक्षात ठेवा. कुणाकडून कॅसेट उतरवून आणलीत आणि तासाभराची फाइल दोन जीबीची निघाली, तर मध्ये चित्र पुन्हा दाबलं गेलंय हे नक्की.

पुण्याच्या तपकीर गल्लीत सहज मिळणारी यूएसबी डोंगल कॅमेऱ्याच्या पिवळ्या एव्ही वायरीतून सिग्नल घेते. डिजिटल चित्राचं ॲनालॉग होतं, मग परत डिजिटल, आणि बऱ्याचदा सॉफ्टवेअर मुळातच ६४०×४८० वर लावलेलं असतं. याचं नुकसान कळायला मिरवणुकीतला ढोल पाहा. वादकाचं टिपरू वेगात खाली येतं तेव्हा फ्रेममधल्या सम आणि विषम ओळी १/५० सेकंदाच्या अंतराने टिपलेल्या असतात. फ्रेम थांबवली की टिपराच्या कडेला कंगव्यासारखे बारीक दात दिसतात. हा दोष नाही, इंटरलेस चित्र असंच असतं आणि नंतर ते सुटं करता येतं. पण ५७६ ओळी ४८० मध्ये कोंबल्या की दोन्ही फील्ड, म्हणजे सम आणि विषम ओळींचे संच, एकमेकांत मिसळतात, दातांचे जाड पुसट पट्टे होतात, आणि मग कुठलाही फिल्टर ते वेगळे करू शकत नाही. १०८० वर घेणाऱ्या डोंगलचंही तेच. पिक्सेल वाढतात, तपशील वाढत नाही.

आता कार्डाविषयी. विंडोज १० मध्ये कॅमेरा दिसतो पण चित्र येत नाही किंवा मध्येच तुटतं, अशी तक्रार निघाली तर मायक्रोसॉफ्टचा जुना, ‘लीगसी’ नावाचा १३९४ (हे फायरवायरचंच दुसरं नाव) ड्रायव्हर घाला आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये तोच निवडा. आमच्या कार्डाला हे करावंच लागलं, त्यानंतर त्रास नाही. ‘यूएसबी ते फायरवायर’ म्हणून विकली जाणारी स्वस्त केबल घेऊ नका. तिच्यात फक्त पिनांचा आकार बदलतो, दोन्हींची भाषा वेगळीच राहते. एका विक्रेत्याने आम्हालाही ती ‘चालते’ म्हणून दिली होती. मॅकवाल्यांनी मॅकओएस २६ वर जाण्याआधी विचार करावा, कारण त्यात फायरवायरचा आधारच काढून टाकला आहे.

केबल लावताना कॅमेरा आणि संगणक दोन्ही बंद ठेवा. सहा पिनी बाजूला वीज असते. तो प्लग जोर लावून उलटा बसवला तर कॅमेऱ्याचं पोर्ट जळतं आणि अशा कॅमेऱ्याची दुरुस्ती आता अवघड आहे. कॅमेरा बॅटरीवर नको, अडॅप्टरवर चालवा आणि व्हीसीआर मोडमध्ये, म्हणजे टेप वाजवायच्या मोडमध्ये ठेवा.

विनडीव्हीत फाइलचा प्रकार टाइप २ एव्हीआय ठेवा, बहुतेक एडिटरांना तो सरळ पचतो. टेपवर चित्रीकरणाची तारीख-वेळ असते, फाइलच्या नावात ती येते, म्हणून प्रत्येक शॉट वेगळा होऊ द्या. याचा आणखी एक फायदा आहे. घरगुती कॅमेऱ्यांत आवाज चित्राला घट्ट बांधलेला नसतो, तासाभराच्या सलग फाइलमध्ये तो ओठांपासून हळूहळू सरकू शकतो. तुकड्यांत ते जाणवत नाही. डिस्क एनटीएफएस हवी, एफएटी ३२ वर फाइल ४ जीबीला अडते.

बिघाडांत सगळ्यात जास्त त्रास हेडचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या टेप वाचणाऱ्या भागाचा. पाल डीव्हीची फ्रेम टेपवर १२ तिरक्या ट्रॅकांत लिहिलेली असते आणि दोन हेड आळीपाळीने ते वाचतात. त्यामुळे चित्रात एकाआड एक आडवे पट्टे ठोकळ्यांनी भरलेले दिसले, तर कॅसेट नाही, एक हेड घाण झालंय. कोरडी क्लिनिंग टेप फक्त १० सेकंद चालवा, फार चालवली तर हेड घासलं जातं. जून ते सप्टेंबर पुण्याच्या दमट हवेत माळ्यावरच्या कॅसेटांना बुरशी धरते. झाकणाच्या फटीतून टेपच्या कडेला पांढरट बुरा दिसला तर ती कॅमेऱ्यात घालूच नका, पुढच्या दहा कॅसेटांना लागण होईल. चांगली कॅसेटही आधी शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवून घ्या, ताण सारखा होतो. एलपी (लाँग प्ले, टेप हळू फिरवून जास्त वेळ भरायच्या) मोडमध्ये भरलेली असेल तर ज्या कॅमेऱ्याने भरली तोच शोधा, दुसऱ्यावर ठोकळे हमखास येतात.

एडिटिंगमध्ये प्रोजेक्ट डीव्ही पालचाच घ्या: २५ फ्रेम, खालचं फील्ड आधी. हे उलटं झालं की नवरदेवाची वरात थरथरत पुढे सरकते. आवाज ३२ किलोहर्ट्झ, १२ बिट असू शकतो, तो ४८ वर आणा. इथले पिक्सेल चौरस नसतात. ४:३ साठी एडिटर १.०६७ किंवा १.०९४ असं गुणोत्तर दाखवतो. ७२० च्या आकाराला हात न लावता ते तसंच राहू द्या, नाहीतर माणसं उंच बारीक दिसतात. दोन्ही कडांना आठ-नऊ पिक्सेलची काळी पट्टी असते, तीही मूळचीच. फाइल देताना आधी डीइंटरलेस करून, म्हणजे दोन्ही फील्ड सुटी करून, ५० फ्रेम करा, आकार त्यानंतरच वाढवा. टीव्हीसाठी १४४०×१०८० आणि बाजूला काळं. क्रम उलटला तर तेच जाड पट्टे परत येतात.

अमेरिकेहून नातेवाइकांनी आणलेली कॅसेट एनटीएससी या तिकडच्या पद्धतीची असते, ७२०×४८० आणि २९.९७ फ्रेम. तिला वेगळा प्रोजेक्ट द्या, पालमध्ये ओढू नका.

उणीव एकच मोठी: लॅपटॉपला हे कार्ड बसत नाही. लॅपटॉपवाल्यांनी चार पिनी फायरवायर पोर्ट असलेला जुना लॅपटॉप शोधावा. बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात चक्कर टाकली तर असा लॅपटॉप मिळू शकतो. घेताना पोर्टच्या चारही पिना टॉर्च मारून पाहा, वाकलेली असेल तर सोडून द्या.