ईझो रिव्होल्टा आयआर 300 : अकरा महिने, 4200 मैल वापरल्यावर

गेल्या वर्षी ही 1966 ची गाडी घेतली तेव्हापासून भेटेल तो विचारतो, फेरारी-मासेराती माहितीय, ही ईझो कुठली, आणि इटालियन म्हणतोस तर बॉनेटखाली शेव्हरोलेचं इंजिन कसं काय. एका शोमध्ये तर एका गृहस्थांनी तोंडावर "भेसळीची गाडी" म्हटलं, ते मला फार लागलं. आता कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या ट्रॅफिकमधून आठवड्यातून दोनदा ऑफिसलाही नेतो तिला, तेव्हा अनुभवाने सांगतो की ही भेसळ आहे म्हणूनच ही गाडी आज रस्त्यावर आहे.

थोडं मागचं सांगतो. ईझो ही मिलानजवळच्या ब्रेसोची कंपनी, आधी फ्रीज, मग स्कूटर, मग 1953 ला ती अंड्यासारखी इझेटा, जी पुढे बीएमडब्ल्यूने लायसन्स घेऊन बनवली. मालक रेन्झो रिव्होल्टा यांना चौघं बसतील अशी वेगवान आणि भरवशाची गाडी काढायची होती. स्वतःचं इंजिन बनवत बसायचं म्हणजे पैसा आणि वर्षं दोन्ही जाणार, म्हणून त्यांनी शेव्हरोलेच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स गाडीचं 327 क्युबिक इंचाचं, म्हणजे 5.4 लिटरचं व्ही-8 सरळ अमेरिकेतून मागवलं. चासीचं काम इंजिनिअर जोत्तो बिझारिनींकडे, ते नुकतेच फेरारी सोडून आलेले, आणि बॉडी बेर्तोने या डिझाइन कंपनीची, ती काढली त्यांच्या जुजारोंनी, वय तेव्हा 24! 1962 ला तुरीनला दाखवली, 1970 पर्यंत सुमारे 800 झाल्या, बस. याच चासीवर पुढे ईझोचीच ग्रिफो आली, ती सगळ्यांना माहीत असते कारण ती दिसायला भन्नाट आहे, पण तिच्या एकीच्या किमतीत अशा तीन-चार येतात आणि मागे माणसं बसतात ती हिच्यातच.

चालवायला? पार्किंगमध्ये स्टिअरिंग जड, हात भरून येतात. एकदा हायवेला लागलात की मात्र सगळं विसराल. टॉपमध्ये 40 वरून नुसता पाय दाबायचा, गियरला हात लावायचं कारणच नाही, ती न चिडता ओढत जाते, आवाज सुद्धा किंचाळणारा नाही, पोटातून येणारा. आणि समुद्रकाठच्या बिग सर भागातल्या वळणांवर कळतं की चासी कोणी केलीय. मागे द डिऑन, म्हणजे दोन्ही चाकं एका नळीने जोडणारा, अ‍ॅक्सल आहे, डिफरन्शियल (इंजिनची ताकद चाकांना वाटणारी गियरपेटी) चासीला बांधलेलं, म्हणजे चाकांवर तेवढं वजन कमी, त्यामुळे खराब रस्त्यावर वळताना मागची बाजू उडत नाही, चिकटून राहते. अ‍ॅव्हरेज गॅलनला 12-13 मैल, आपल्या हिशोबात लिटरला पाच-साडेपाच. कॅलिफोर्नियात 1975 आणि त्याआधीच्या गाड्यांना स्मॉग टेस्ट, म्हणजे धुराची तपासणी, नाही, ती एक कटकट वाचते.

आता मार्चमधली गोष्ट. लॉस एंजेलिसला निघालो होतो, पासो रोब्लेसच्या अलीकडे गाडी आचके द्यायला लागली, मग बंदच. फ्युएल पंप गेला होता. शनिवार दुपार, बायको आणि मुलगी गाडीत, विचार करा, साठ वर्षं जुनी इटालियन गाडी. टो करून गावातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो, काउंटरवर ईझोचं नाव सुद्धा काढलं नाही, म्हटलं "शेव्हरोले 327 चा पंप", पोऱ्याने मागच्या रॅकवरून आणून दिला! दोन बोल्ट, दोन पाइप. एकच भानगड असते, पंपाला ढकलणारा रॉड आतून खाली घसरत राहतो आणि पंप बसू देत नाही, तर त्याला जाड ग्रीस थापायचं, वर सरकवायचा, तो चिकटून राहतो तेवढ्यात पंप बसवून टाकायचा. दुकानाच्या पार्किंगमध्येच तासाभरात गाडी चालू. त्या काळातल्या इटालियन व्ही-12 बरोबर हे झालं असतं का हो?

इटालियन अर्ध्याचं मात्र उलटं आहे. मागच्या काचेचं रबर मिळायला सहा महिने गेले. टेललाइटची काच अजून आलेली नाही. आणि मागचे ब्रेक! डिस्क चाकाजवळ नाहीत, आत डिफरन्शियलला लागून आहेत, म्हणजे चाक काढून काही उपयोग नाही, गाडी वर घेऊन खाली आडवं पडून काम करावं लागतं. एका गॅरेजने पॅड बदलले पण शेजारचं ऑइल सील गळत होतं तिकडे बघितलंच नाही, आठ दिवसांत ऑइल डिस्कवर आणि उतारावर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढली. मुलगी मागे होती. त्या दिवसापासून मागचं काम मी कोणावर सोडत नाही. ट्रॅफिकमध्ये टेम्परेचरचा काटा चढायचा तेही होतं, मोठा रेडिएटर आणि इलेक्ट्रिक फॅन टाकल्यावर थांबलं, ओरिजिनल पार्ट जपून ठेवलेत.

सध्या बाबा नाशिकहून आलेत. त्यांनी 22 वर्षं पद्मिनी चालवली, ट्यूनिंग स्वतः करायचे. ते म्हणाले, यात नवीन काय आहे, कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात आधी डॉज जुळायच्या आणि मग फियाट आली, अमेरिका-इटली एकाच छपराखाली. परवा पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क, सेट केले आम्ही. या डिस्ट्रिब्युटर कॅपला पत्र्याची छोटी खिडकी असते, ती वर उचलायची, इंजिन चालू ठेवूनच आत अ‍ॅलन की घालायची आणि हळूहळू फिरवत ड्वेल मीटरवर (पॉइंट किती अंश बंद राहतात ते दाखवणारा) 30 आणायचे. पद्मिनीला कॅप काढून फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालायची सवय असलेल्या माणसाला हे दाखवलं तर ते बघतच राहिले. मग म्हणाले "तू मीटर वाच, ती अॅलन की माझ्याकडे दे." 33, 32, 31 असं मी म्हणत गेलो आणि 30 ला त्यांनी हात उचलला, आयडलिंग एकदम गोल झालं.

कोणाला घ्यायची असेल तर इंजिनची चिंता करू नका, ते कुठलाही जुना मिस्त्री बांधून देईल. दाराखालचा पत्रा बघा, गालिचा उचलून आत हात घाला, सडलेला असेल तर परत या, आणि क्रोमच्या पट्ट्या एकूण एक मोजून घ्या.

बाबा पुढच्या महिन्यात परत जातायत, त्याआधी त्यांना एकदा बिग सरला न्यायचंय, शनिवारी सकाळी लवकर, सील तपासून झाल्यावर.