फीमाचं ‘शेल्टर अँड सर्व्हिसेस’ अनुदान: पैसा योग्य कामासाठी, ओझं मात्र संस्थेच्या डोक्यावर

अमेरिकेच्या सीमेवर ताब्यात घेऊन, नोंद करून, मग सोडून दिलेल्या स्थलांतरितांना पहिले काही आठवडे छप्पर, जेवण, औषध आणि पुढच्या शहराचं तिकीट मिळावं, यासाठी तिथलं केंद्र सरकार ‘फीमा’ या आपल्या आपत्ती-व्यवस्थापन संस्थेमार्फत शहरांना आणि सेवाभावी संस्थांना हे अनुदान देत असे. डिसेंबर २०२२ च्या खर्चविषयक कायद्यातून योजना सुरू झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये गुंडाळली गेली. अशी दुसरी योजना कधी आली तर अर्ज करण्याआधी हिचा अनुभव वाचलेला बरा.

आधी चांगली बाजू. संस्थेने स्वतःचा हिस्सा घालायची अट नव्हती, आणि लहान संस्थांसाठी ही फार मोठी गोष्ट. खर्चाच्या बाबीही प्रत्यक्ष कामाशी जुळणाऱ्या होत्या: निवारा, अन्न, अंग धुण्याचं साहित्य, तातडीचे उपचार, प्रवास, कर्मचाऱ्यांचे पगार. निधीही किरकोळ नव्हता. २०२४ या आर्थिक वर्षासाठी ६५ कोटी डॉलर होते. काही पैसा ठरलेल्या संस्थांना थेट, तर उरलेला स्पर्धात्मक अर्जांतून.

अर्जाची वाट सरळ असली तरी वेळखाऊ. आधी ‘सॅम’ या सरकारी पोर्टलवर नोंदणी करून बारा अक्षरी ओळखक्रमांक घ्यायचा, मग ‘फीमा गो’ या फीमाच्या अनुदान-पोर्टलवर अर्ज आणि अंदाजपत्रक भरायचं. अडतं ते पहिल्याच पायरीवर. संस्थेचं कायदेशीर नाव आणि पत्ता कागदपत्रांशी तंतोतंत जुळला नाही की पडताळणी लांबते आणि अर्जाची मुदत काही थांबत नाही. ही नोंदणी दर वर्षी ताजी करावी लागते, तीही योजना जाहीर होण्याची वाट न पाहता.

योजनेचा कणा होता पात्रता. सीमेवरच्या यंत्रणेने किंवा होमलँड सिक्युरिटी (अंतर्गत सुरक्षा) खात्याच्या दुसऱ्या शाखेने ताब्यात घेऊन सोडलेली व्यक्तीच पात्र, तीही सुटकेच्या तारखेपासून ४५ दिवसांपर्यंत. नोंद न होता आत आलेला माणूस कितीही हलाखीत असला तरी त्याचा खर्च या पैशातून दाखवता येत नसे. म्हणून दारातल्या टेबलावरची नोंद हेच सगळ्यात महत्त्वाचं काम. सुटकेच्या कागदांवरचं नाव, ‘ए’ने सुरू होणारा परकीय क्रमांक (सरकार प्रत्येक स्थलांतरिताला देतं तो नोंदणी क्रमांक), सुटकेची तारीख, सेवा दिल्याची तारीख आणि कोणती सेवा, एवढं प्रत्येकाचं स्वतंत्र हवं. लहान मुलाचाही क्रमांक वेगळा असतो. आईच्या क्रमांकाखाली तीन मुलं ‘कुटुंब’ म्हणून टाकली की तीन माणसांचा खर्च पुराव्याविना राहतो.

चुका ठरलेल्या जागी होतात. स्पॅनिश नावात दोन आडनावं असतात. एका पाळीचा कर्मचारी पहिलं लिहितो, दुसऱ्या पाळीचा शेवटचं, आणि एकच माणूस यादीत दोनदा येतो. सुटकेच्या तारखेऐवजी निवाऱ्यात पोचल्याची तारीख लिहिली जाते आणि ४५ दिवसांचं गणित चुकतं. हॉटेलचं बिल खोल्यांचं असतं, माणसांचं नसतं. त्यामुळे खोलीक्रमांक, तारीख आणि ए-क्रमांक जोडणारी रोजची यादी त्याच रात्री करावी, महिन्याअखेरीस ती उभी राहत नाही. एकाच निवाऱ्यात पात्र आणि अपात्र दोन्ही लोक असतील, तर खर्च वाटून दाखवावा लागतो. १२० पैकी ९० खाटांवर पात्र माणसं असतील, तर त्या रात्रीच्या सामायिक खर्चाचा ७५ टक्के भाग अनुदानावर, बाकी आपल्या खिशातून. याच कामासाठी याआधी चाललेल्या आपत्कालीन अन्न-निवारा कार्यक्रमाची तपासणी होमलँड सिक्युरिटीच्या महानिरीक्षकांनी २०२३ मध्ये केली. तपासलेल्या १ कोटी २९ लाख डॉलरपैकी ७४ लाखांना पुरेशी कागदपत्रं नव्हती. उपयोगिता प्रमाणपत्रासाठी, म्हणजे अनुदान ठरल्या कामावरच खर्च झाल्याच्या दाखल्यासाठी, धावाधाव केलेल्या आपल्याकडच्या संस्थांना हे लगेच समजेल.

आमचा मोठा आक्षेप ४५ दिवसांच्या मर्यादेवर आहे. अशा माणसाने आश्रयाचा (मायदेशी धोका असल्याने इथे राहू द्या, असा) अर्ज केल्यावर कामाच्या परवान्यासाठी १५० दिवसांनी अर्ज करता येतो आणि परवाना १८० दिवसांआधी मिळत नाही. पैसा दीड महिन्याचा, माणूस कमाईविना निदान सहा महिने. कायद्याचा उघड उद्देश सीमेवरच्या कोठड्यांतली गर्दी कमी करणं हा होता, म्हणून मॅकॲलन किंवा टूसॉनसारख्या सीमेजवळच्या शहरांत एक-दोन रात्रींच्या थांब्याला योजना छान बसली. न्यूयॉर्कमध्ये १९८१ च्या न्यायालयीन तडजोडीमुळे निवाऱ्याचा हक्क आहे आणि लोक महिनोन्‌महिने राहिले. तिथे ती तोकडी पडली.

सगळ्यात वाईट अनुभव शेवटचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या बँक खात्यातून दिलेले सुमारे ८ कोटी डॉलर परत काढून घेतले गेले. मार्चमध्ये अनुदानित संस्थांना पत्रं गेली: पैसे रोखले आहेत, सेवा दिलेल्यांची नावं आणि संपर्क ३० दिवसांत द्या. म्हणजे खर्च आधी झालेला, बिलं थकलेली आणि विश्वासाने घेतलेली माहिती सरकारच्या मागणीत. काही शहरं न्यायालयात गेली. ज्या संस्थांचं पूर्ण अंदाजपत्रक याच एका अनुदानावर उभं होतं, त्यांना कर्मचारी कमी करण्यावाचून पर्याय राहिला नाही.

असा करार कधी हाती आला, तर निदान दोन महिन्यांचे पगार आणि भाडं दुसऱ्या स्रोतातून बाजूला ठेवल्याशिवाय सही करू नये. अनुदानातून खर्च मागण्याच्या दाव्याच्या नोंदवहीत नियमाने मागितलंय तेवढंच लिहावं. नातेवाइकाचा फोन, पुढचा पत्ता हे वेगळ्या नोंदीत, मोजक्याच लोकांच्या हाती. माहितीची मागणी आली की आधी वकिलाला दाखवावी, पण कागद नष्ट करायचे नाहीत. अंतिम आर्थिक अहवालानंतर तीन वर्षं ते जपावे लागतात, आणि मध्येच तपासणी किंवा खटला सुरू झाला तर तो निकाली निघेपर्यंत.