टीव्ही चांगला, रिमोटनं छळलं

दसऱ्याला ४३ इंची फोर-के टीव्ही घेतला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यासाठी घरच्यांची बोलणी खात मुद्दाम थांबलो होतो. चित्र सुरेख, आवाज ठीकठाक. शोरूममधला भडक मोड तेवढा बदलून 'मूव्ही' लावा. बाकी स्पेक्स सगळ्यांना ठाऊक आहेत.

मला बोलायचंय ते रिमोटबद्दल. त्यावर म्यूटचं बटणच नाही! ओटीटीची मात्र चार, त्यातल्या तीन ॲप्सचे आम्ही पैसे भरत नाही. आणि ती नेमकी आवाजाच्या बटणाखाली. आईची मालिका रंगात आलेली असते, आवाज कमी करायला जावं तर अंगठा घसरतो आणि समोर 'प्लॅन निवडा'. मग सेट टॉप बॉक्सवर परत यायला इनपुट शोधत बसा.

दिवाळीनंतर रिमोट हातातून पडला आणि बंद. कस्टमर केअर म्हणे, "सर, फिजिकल डॅमेज वॉरंटीत येत नाही." सर्व्हिस सेंटर नाशिकरोडला, आम्ही सिडकोत. द्वारका चौकातली कोंडी पार करून गेलो, तर नव्या रिमोटचे सतराशे, तेही आगाऊ. सतराशे! तसाच परत आलो.

तोवर फोनमधल्या गूगल टीव्ही ॲपचा रिमोट करून भागवलं. पासवर्ड टाइप करायला ते रिमोटपेक्षा सोपं. पण फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर लागतात, म्हणजे लाइट गेली-आली की राउटर सुरू होईपर्यंत थांबा. शिवाय मी फोन घेऊन कामावर गेलो की आई अडकली.

शेवटी एमजी रोडवरून अडीचशेचा डुप्लिकेट आणला. त्यावर म्यूट आहे! बटणं मोठी, आईला चष्म्याशिवाय दिसतात. माइकचं बटण चालत नाही, कारण बोलणं ब्लूटूथनं जातं आणि हा साधा इन्फ्रारेड. आई म्हणाली, "मला काय करायचंय टीव्हीशी बोलून?"

त्या खुशीत सेटिंग्ज उकरल्या, तर पॉवरच्या मेनूत 'पॉवर ऑन बिहेविअर' सापडलं. तिथे होम स्क्रीनऐवजी शेवटचा इनपुट निवडला. आता टीव्ही लावला की थेट सेट टॉप बॉक्स. दोन तारे देणार होतो, चार देतोय. रिमोटचा एक कापलाच. घेणाऱ्यांनी दुकानात हे सेटिंग दाखवायला सांगा, आणि रिमोट खोक्यातून बाहेर काढून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.