सागरेश्वरचा पळस की महाबळेश्वरची अंजनी?

वसंतात फुलं बघत चालायचं, तर दोन्ही ठिकाणांचा हिशेब वेगळा.

सागरेश्वर अभयारण्य (सांगली जिल्हा, क्षेत्र जेमतेम 11 चौ. किमी) म्हणजे कोरडं, पानझडी रान. पळस फुलतो तेव्हा अंगावर पान नसतं, म्हणून केशरी रंग लांबूनच दिसतो. पण त्यामुळेच सावलीही नसते. चालणं सकाळी दहाच्या आत उरकावं, माणशी दोन लिटर पाणी घ्यावं. वाळल्या गवताची कुसळं मोज्यांत घुसतात, म्हणून पूर्ण पँट आणि बंद बूट. मार्च सरता सरता गेलात तर फुलं झाडावर कमी, खालीच जास्त. मधासाठी आलेल्या साळुंक्या, शिंजीर मात्र पोटभर दिसतात.

महाबळेश्वर सुमारे 1,370 मीटर उंच, रान सदाहरित, त्यामुळे दुपारीही चालता येतं. मार्च-एप्रिलमध्ये अंजनी फुलते. जांभळट निळे, बारीक झुपके थेट फांदीला चिकटून येतात. शेंड्याकडे बघत राहिलात तर चुकवालच. बहर थोडेच दिवस टिकतो. शनिवार-रविवार टाळा, पॉइंटच्या वाटांवर घोडे आणि धूळ.

मुलं-म्हातारी सोबत असतील तर महाबळेश्वर. नुसता रंगच हवा असेल, तर ऊन सोसून पळस.