‘मेक अ डिसिजन’ की ‘टेक अ डिसिजन’?

दोन्ही बरोबर. मराठीत आपण निर्णय ‘घेतो’, म्हणून तोंडात आधी ‘टेक’ येतं आणि कुणीतरी लगेच ते चूक ठरवतं. तो आक्षेप मला अजिबात मान्य नाही. ब्रिटिश इंग्रजीत ‘टेक’ सर्रास चालतं, विशेषतः सरकार किंवा संचालक मंडळाच्या औपचारिक निर्णयांसाठी. अमेरिकेत मात्र ‘मेक’च रूढ, तिथल्या कंपनीला अर्ज लिहिताना तेच वापरा. रोजच्या बोलण्यात ‘मेक’ कुठेच खटकत नाही, आणि जोडशब्दात तर ‘डिसिजन-मेकर’चंच पारडं जड. बरीच चर्चा होऊन काही ठरलं असेल, तर ‘रीच अ डिसिजन’ अधिक नेमकं. ‘बिग’, ‘टफ’, ‘फायनल’ ही विशेषणं दोन्हींसोबत बसतात. ‘डू अ डिसिजन’ तेवढं टाळाच.