बेरिया की ॲमर्स्ट? घरची परिस्थिती बेताची असलेल्यांसाठी एक तुलना

दोन्ही कॉलेजं छोटी, दीड ते दोन हजार मुलांची. भारतातून गेलेल्या मुलाला घरून फारसा पैसा न आणता पदवी पूर्ण करता येईल, अशी अमेरिकेत जी मोजकी लिबरल आर्ट्स कॉलेजं (एकाच शाखेत न अडकवता कला-विज्ञानाचे अनेक विषय शिकवणारी) आहेत त्यांत ही दोन्ही येतात. बाकी साम्य तिथेच संपतं.

विविधतेचे टक्के दोघांकडेही छापलेले मिळतात. ते सगळ्यात शेवटी बघावेत असं माझं मत आहे. एक तर ‘एशियन’च्या रकान्यात तिथले नागरिक आणि कायमचे रहिवासी मोजतात. पुण्याहून किंवा नांदेडहून व्हिसावर गेलेल्या मुलाचा रकाना वेगळा, परदेशी विद्यार्थ्यांचा. त्यामुळे एशियन इतके टक्के आहेत म्हणजे आपल्यासारखे बरेच भेटतील, हा हिशोब फसतो. दुसरं म्हणजे जेवताना, कामावर, सुट्टीत कोण कोणाच्या शेजारी असणार हे टक्क्यांपेक्षा पैशावर जास्त ठरतं. म्हणून आधी पैसा.

बेरिया आहे केंटकी राज्यात, ॲपलेचियाच्या डोंगराळ पट्ट्याच्या तोंडाशी. १८९२ पासून इथे शिकवणी फी घेत नाहीत. पण खरी मेख पुढे आहे: ज्याला परवडतं त्याला इथे प्रवेशच नाही. मुलं गरजू घरांतलीच घेतात आणि प्रत्येकाला आठवड्याला किमान १० तास काम करावंच लागतं. आपल्याला हे समजावून सांगायची गरज नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’ची ही चुलत बहीणच. शेती, सुतारकाम, विणकाम, ऑफिसातली कामं, संगणक विभाग, सगळीकडे विद्यार्थीच. झाडू बांधायचा विभाग तर शंभर वर्षांहून जुना. तिथे बांधलेला झाडू खरंच विकला जातो आणि तो बांधणारा दुपारी केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला बसलेला असतो. कामाला मोबदला मिळतो, थोडाच. पण काम सगळ्यांनाच असल्यामुळे ‘तू काम करतोस?’ हा प्रश्न कोणी कोणाला खालच्या नजरेनं विचारत नाही.

परदेशी मुलांना पहिल्या वर्षी शिक्षण, राहणं, जेवण यांसाठी पूर्ण मदत मिळते. पुढच्या वर्षांत ती थोडी कमी होते, आणि उन्हाळ्यात कॅम्पसवर काम करून काही रक्कम स्वतः साठवावी लागते. विमानाचं तिकीट, व्हिसाची फी हे आपलं आपण.

इतिहासही सांगायलाच हवा. गुलामगिरी विरोधक पाद्री जॉन फी यांनी १८५५ मध्ये हे सुरू केलं. १८५९ मध्ये गुलामगिरीच्या समर्थकांनी त्यांना आणि सहकाऱ्यांना गावातून हाकलून दिलं. यादवी युद्धानंतर ते परतले, आणि १८६६-६७ मध्ये पटावर ९६ कृष्णवर्णीय आणि ९१ गोरे विद्यार्थी होते. दक्षिणेत, त्या काळात! पुढे १९०४ मध्ये केंटकीनं गोऱ्या-काळ्यांना एकत्र शिकवण्यावर बंदी घातली. कॉलेज सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९०८ मध्ये हरलं. १९५० मध्ये कायदा सैल झाल्यावर कृष्णवर्णीय विद्यार्थी परत आले. मधली जवळजवळ पन्नास वर्षं गेली ती गेलीच.

ॲमर्स्टची गोष्ट उलट दिशेनं जाते. मॅसेच्युसेट्समधलं १८२१ चं कॉलेज, श्रीमंतांचं म्हणून ओळखलं गेलेलं, मुली १९७५ पासून आल्या. पण गेल्या वीसेक वर्षांत त्यांनी पैशाच्या बाबतीत मोठी पावलं उचलली. २००८ पासून परदेशी मुलांचा अर्जसुद्धा घरची ऐपत न बघता वाचतात, आणि निवड झाली तर गरजेइतकी पूर्ण मदत देतात, तीही कर्जाशिवाय. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारं झुकतं माप २०२१ मध्ये बंद केलं. वर्षाचा पूर्ण खर्च ९० हजार डॉलरांच्या आसपास असलेल्या कॉलेजसाठी ही लहान गोष्ट नाही.

आणि तरीही माझी अडचण इथेच आहे. तो खर्च पूर्ण भरणारी मुलंही त्याच वसतिगृहात राहतात. सुट्टीत कोणी स्कीइंगला जातं, कोणी विमानाचं भाडं परवडत नाही म्हणून कॅम्पसवर राहतं. जवळजवळ तिसरा हिस्सा मुलं कॉलेजच्या संघांत खेळतात, आणि हा गट बाकीच्यांपेक्षा जास्त गोरा नि जास्त सुखवस्तू असल्याचं कॉलेजच्याच अहवालानं कबूल केलं होतं. नोव्हेंबर २०१५ मध्ये विद्यार्थ्यांनी फ्रॉस्ट लायब्ररीत ठिय्या दिला. कृष्णवर्णीय मुलामुलींनी तिथे उभं राहून आपल्याला किती एकटं पडल्यासारखं वाटतं ते सांगितलं. त्यानंतर ‘लॉर्ड जेफ’ हे जुनं बोधचिन्ह गेलं. मूळ रहिवाशांमध्ये देवीची साथ पसरवण्याच्या कल्पनेला पाठिंबा देणाऱ्या सेनापतीचं ते नाव. आता मॅमथ म्हणजे नामशेष झालेला केसाळ हत्ती आहे, कोणाची हरकत नसलेला.

सुप्रीम कोर्टानं जून २०२३ मध्ये प्रवेशात वंशाचा विचार करायला मनाई केली, त्याचा फटकाही ॲमर्स्टला जोरात बसला. पुढच्याच वर्षीच्या नव्या तुकडीत कृष्णवर्णीयांचं प्रमाण ११ वरून ३ टक्क्यांवर आलं. वर्गात चर्चा कोणाकोणात होणार, हे त्यातून बदलतं.

अभ्यासाच्या बाजूनं मात्र ॲमर्स्टचं पारडं जड आहे, आणि ते मान्य करायलाच हवं. सक्तीचे विषय जवळजवळ नाहीतच. शेजारच्या स्मिथ, माउंट होल्योक आणि यूमासमध्ये जाऊन कोर्स घेता येतात. यूमास हे मोठं सरकारी विद्यापीठ, तिथे भारतीय विद्यार्थी बरेच, त्यामुळे गणपतीला किंवा दिवाळीला अगदीच एकटं पडायला होत नाही. बेरियात नर्सिंग, शेती, बिझनेस असे पोटापाण्याचे विषय आहेत, जे ॲमर्स्टमध्ये मिळणार नाहीत. पण गाव छोटं, लेक्सिंग्टन शहर पाऊण तासावर. कॉलेजची धाटणी ख्रिस्ती आहे, कुठल्याही एका पंथाची नाही. धर्म वेगळा म्हणून प्रवेश अडत नाही, तरी घरच्यांना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

जातीबद्दल कोणतंही माहितीपत्रक आपणहून बोलत नाही. मेन राज्यातल्या कोल्बी या छोट्या कॉलेजनं २०२१ मध्ये भेदभावविरोधी धोरणात ‘कास्ट’ हा शब्द घातला. ज्याला याची झळ बसण्याची भीती आहे त्यानं दोन्ही कॉलेजांच्या धोरणात तो शब्द शोधावा, आणि नसेल तर तक्रार कोणत्या कलमाखाली घेतली जाईल ते ईमेलनं विचारून उत्तर जपून ठेवावं. भारतीय विद्यार्थ्यांच्या घोळक्यात आडनाव विचारलं जातं, ते तिथेही.

माझा कौल असा. महागड्या मित्रांत वावरताना मूल आक्रसत असेल, किंवा नर्सिंगसारखा विषय हवा असेल, तर बेरिया. संशोधनाकडे किंवा पुढे पीएचडीकडे कल असेल, आणि श्रीमंतीच्या शेजारी राहून स्वतःला कमी न लेखण्याइतकं मन घट्ट असेल, तर ॲमर्स्ट. प्रवेश दोन्हीकडे अतिशय कठीण. बेरियात परदेशी मुलांना जागा फारच थोड्या.

अर्ज दोन्हीकडे करावा. फक्त ॲमर्स्टची ‘अर्ली डिसिजन’ फेरी बंधनकारक असते, निवड झाली की बाकीचे अर्ज मागे घ्यावे लागतात. बेरियाही मनात असेल तर ॲमर्स्टला नेहमीच्या फेरीतच अर्ज टाका.